झोपेसाठी दिलेली 'डिप्रेशन'ची गोळी : सभासदांनी काय समजून घ्यावे

या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खताचे हप्ते, पाण्याच्या पाळ्या आणि खोडव्याची निगा यांविषयी लिहितो. या अंकात मात्र एका गोळीविषयी लिहीत आहोत. हुमणीवरची नव्हे, माणसाच्या झोपेची.

कारण साधे आहे. ऊस नोंदीला किंवा गटसभेला गेलो की पिकाचे बोलणे संपल्यावर हा विषय हमखास निघतो. "साहेब, पडल्या पडल्या झोप लागते, पण तीनला जाग आली की पुन्हा डोळ्याला डोळा लागत नाही." मग खिशातून तोडणीच्या चिठ्ठीबरोबर गोळ्यांचे पाकीट बाहेर येते. त्यावर दोन तऱ्हेची माणसे दोन तऱ्हेचे बोलतात. एक म्हणतो, "डॉक्टरांनी झोपेची साधी गोळी दिलीय, अगदी बारीक. शेजारच्यालाही दिली, त्यालाही लागू पडली." दुसरा म्हणतो, "पोराने मोबाइलवर नाव घालून बघितले तर गोळी डिप्रेशनची निघाली. डॉक्टरांनी मला काय येडा समजला का? दिली फेकून." गंमत अशी, की दोघांच्या हातातले पाकीट बहुधा एकच असते. आणि आमच्या मते दोघांचेही चुकते.

आम्ही शेतकीची पदविका घेतलेली माणसे, डॉक्टर नव्हे. कोणती गोळी घ्या आणि कोणती सोडा हे सांगणे आमचे काम नाही. पण ही गोळी काय आहे, लहान मात्रेत ती काय करते आणि काय करत नाही, एवढे तरी प्रत्येक घरात ठाऊक असावे. जाणत्या डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे समजले ते येथे मांडत आहोत.

गोळ्या कोणत्या?

उदासीच्या आजारासाठी, म्हणजे डॉक्टर ज्याला डिप्रेशन म्हणतात त्यासाठी, निघालेली काही औषधे अशी आहेत की ती घेतल्यावर माणसाला झोप येते. त्यांतली चार नावे चिठ्ठीवर दिसतात : अमिट्रिप्टिलिन, डॉक्सेपिन, ट्रॅझोडोन आणि मिर्टाझापिन. पाकिटावर कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत आणि औषधाचे नाव बारीक अक्षरांत असते. वाचायचे ते बारीक अक्षरातले.

उदासीच्या आजाराला अमिट्रिप्टिलिन साधारण ७५ ते १५० मिलिग्रॅम रोज लागते. झोपेसाठी देतात ते १० ते २५ मिलिग्रॅम. ट्रॅझोडोन उदासीला १५० च्या वर, झोपेला ५० ते १००. मिर्टाझापिन उदासीला १५ ते ४५, झोपेला साडेसात ते १५. डॉक्सेपिनचा फरक तर फार मोठा : उदासीला ७५ किंवा त्याहून जास्त, झोपेला ३ ते ६. हे आकडे तुलनेसाठी दिले आहेत, स्वतः मात्रा ठरवण्यासाठी नव्हेत.

यांशिवाय अल्प्राझोलाम, झोल्पिडेम यांसारख्या खास झोपेच्या वा घबराटीच्या गोळ्या असतात, त्या वेगळ्या. त्यांची सवय लागते म्हणून त्यांच्या विक्रीवर २०१४ पासून जास्त कडक नियम आहेत. औषध दुकानदाराला त्यांची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. या सवयीच्या भीतीनेच पुष्कळ डॉक्टर झोपेसाठी उदासीच्या औषधाची लहान मात्रा देऊ लागले. एक सावधगिरी मात्र हवी. काही गोळ्यांत अमिट्रिप्टिलिनबरोबर क्लोरडायझेपॉक्साइड हे सवय लावणारे औषध मिसळलेले असते. तेव्हा पाकिटावर एक नाव आहे की दोन, तेवढे पाहावे.

मात्रा बदलली की काम बदलते

एकच औषध दोन कामे कशी करील, असे कोणी विचारील. ऊस बागायतदाराला हे नवीन वाटू नये. आपण उसात रुंद पानाचे तण मारायला २,४-डी वापरतो. हेच २,४-डी विदर्भातले संत्रा बागायतदार फळगळ थांबवायला फवारतात; पण किती, तर १०० लिटर पाण्यात साधारण दीड ग्रॅम. तणावर मारताना जे जाळते, तेच तेवढ्याशा मात्रेत फळ झाडावर टिकवून धरते. अमेरिकेत लुइझियाना राज्यात तर ग्लायफोसेट हे तणनाशक कमी मात्रेत उसावर फवारतात, कशासाठी, तर तोडणीआधी ऊस लवकर पक्व होऊन साखर भरावी म्हणून. औषध तेच, मात्रा वेगळी, काम वेगळे.

आता माणसाच्या डोक्यात काय होते ते पाहू. आपल्याला जागे ठेवणारी काही रसायने मेंदूत असतात, त्यांतले एक हिस्टामिन. सर्दीची जुनी गोळी घेतली की डुलकी लागते ती का? कारण ती गोळी हिस्टामिनची वाट अडवते. अमिट्रिप्टिलिन, डॉक्सेपिन आणि मिर्टाझापिन ही तिन्ही औषधे हिस्टामिनची वाट फार जोरात अडवतात. इतकी जोरात, की त्यासाठी थोडे औषध पुरते. उदासी हटवण्याचे काम मात्र सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनलिन नावाच्या दुसऱ्या रसायनांच्या वाटेने होते. त्याला मात्रा जास्त लागते आणि दोन ते सहा आठवडे धीरही लागतो. तेव्हा १० मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्याला पहिल्या रात्री जी झोप लागते, ती सर्दीच्या गोळीच्या गुंगीची सख्खी बहीण असते. तिचा उदासी बरी होण्याशी संबंध नसतो.

पण म्हणून कमी मात्रा म्हणजे निरुपद्रवी असेही नव्हे. २,४-डीचे चार थेंब वाऱ्याने शेजारच्या कापसावर गेले तर पाने कशी आकसून जातात ते आपण पाहिले आहे. कोणाला किती चालते, हे पीक पाहून ठरते. इथे माणूस पाहून.

ही औषधे आली कुठून?

या औषधांची कथा ऐकण्यासारखी आहे आणि तिचा एक धागा आपल्या महाराष्ट्रातून जातो.

सर्पगंधा ही आपली जुनी वनस्पती. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग होतो असे लिहिले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रक्तदाबाच्या रोग्यांना सर्पगंधा देऊन पाहिली आणि १९४९ साली इंग्लंडच्या हृदयरोगविषयक मासिकात निष्कर्ष छापले. तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. पुढे १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने तिच्यातले रेसरपिन वेगळे काढले. रेसरपिन देता देता डॉक्टरांच्या ध्यानात आले, की काही रोगी त्याने उदास होतात. हे औषध मेंदूतले सेरोटोनिन वगैरे साठे रिकामे करते असेही दिसले. त्याच दशकात क्षयावर दिलेल्या इप्रोनियाझिड या औषधाने न्यूयॉर्कमधल्या रुग्णालयातले क्षयरोगी एकदम उल्हसित झालेले दिसले. एका औषधाने मन बसते, दुसऱ्याने उठते. उदासी ही नुसती स्वभावाची कमजोरी नसून तिच्यामागे शरीराचेही काही असते, ही कल्पना अशा निरीक्षणांतून बळावली. आज शास्त्रज्ञ म्हणतात की उदासी म्हणजे फक्त एखाद्या रसायनाचा तुटवडा इतके ते सोपे नाही. पण औषधाची दिशा तेव्हा सापडली ती सापडली.

इमिप्रामिन हे या कुळातले पहिले औषध. ते ज्या रसायनांतून निघाले ती मुळात सर्दी-ॲलर्जीच्या औषधांच्या शोधात तयार झालेली होती. स्वित्झर्लंडचे डॉ. रोलंड कून यांनी ते भ्रमिष्ट रोग्यांना देऊन पाहिले, उपयोग झाला नाही. उदास रोग्यांना दिले तर ती माणसे हसू-बोलू लागली. १९५७ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्यामागोमाग १९६१ च्या सुमारास अमिट्रिप्टिलिन आले. म्हणजे गुंगी हा या औषधांचा वडिलोपार्जित गुण आहे, कोणी मागाहून घातलेला नाही.

आपल्याकडे गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात याच कुळातले नायट्रॉक्साझेपिन हे औषध तयार झाले. ते १९८२ साली 'सिंटामिल' नावाने भारतात विक्रीला आले. ते उदासीवर तर दिले जाईच, पण अंथरुणात लघवी करणाऱ्या मुलांनाही दिले जाई. आता त्या पोरांना काय डिप्रेशन होते? तेव्हा औषधाचे आडनाव पाहून माणसाचा आजार ठरवू नये. आजही अमिट्रिप्टिलिनची लहान मात्रा मधुमेह्याच्या पायांची आग, नसांचे दुखणे आणि अर्धशिशीचे झटके टाळणे यांसाठी डॉक्टर सर्रास देतात. चिठ्ठीवर ते नाव दिसले की "मला वेडा ठरवले" म्हणून रुसण्याचे कारण नाही. आणि खरोखर उदासीच्या आजारासाठी दिले असले तरी त्यात लाज कसली? रक्तदाबाची गोळी घेताना आपण लाजतो का?

बुवापाड्याचा अनुभव

पाकिटावरचे नाव वाचून काय घोटाळा होतो, याचे एक उदाहरण देतो. आपल्या भागातली पुष्कळ मुले नोकरीसाठी मुंबई-ठाण्याकडे गेली आहेत. आमच्या एका सभासदांचा मुलगा अंबरनाथच्या बुवापाड्यात भाड्याच्या खोलीत राहतो आणि कारखान्यात तीन पाळ्यांत काम करतो. एक आठवडा सकाळची, एक आठवडा दुपारची, एक आठवडा रात्रीची. डोके ठणकायचे, झोप बिघडलेली. तिथल्या डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलिन २५ मिलिग्रॅम रात्री घ्यायला सांगितले. चार-पाच महिने बरे चालले. मग खोलीतल्या मित्राने नाव वाचून थट्टा केली आणि पोराने एका दिवसात गोळी बंद केली.

पुढचा आठवडा वाईट गेला. मळमळ, अस्वस्थपणा, झोप पहिल्यापेक्षा कमी, विचित्र स्वप्ने. वडिलांनी आम्हांस येऊन सांगितले, "साहेब, पोराला गोळीचे व्यसन लागले बघा." व्यसन नव्हते ते. व्यसनात माणूस गोळीसाठी झुरतो, मात्रा वाढवत नेतो. इथे तसे काही नव्हते. रोज पाणी मिळणाऱ्या उसाचे पाणी एकदम तोडले तर तो सुकतो, तसे शरीर त्या औषधाला सरावलेले असते आणि ते अचानक गेले की तक्रार करते. म्हणून ही औषधे बंद करायची तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू कमी करत. मुलगा पुन्हा डॉक्टरांकडे गेला, त्यांनी टप्प्याटप्प्याने गोळी उतरवली.

त्याच भेटीत दुसरी गोष्ट बाहेर आली. रात्रपाळीच्या आठवड्यात तो सकाळी घरी येऊन गोळी घेई आणि संध्याकाळी पुन्हा यंत्रावर उभा राही. अमिट्रिप्टिलिनचा अंमल पुरता उतरायला एक दिवसाहून जास्त लागतो. 'रात्री घ्यावी' याचा अर्थ 'झोपण्याआधी केव्हाही' असा नव्हे. ज्याची पाळी बदलते त्याने डॉक्टरांना पहिल्याच दिवशी तसे सांगावे. पाळीने बिघडलेली झोप गोळीने मुळातून दुरुस्त होतही नाही.

झोप लागली म्हणजे मन बरे झाले असे नव्हे

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा. सभासदांनी बाकी सारे विसरले तरी एवढे ध्यानात ठेवावे.

पहाटे तीन-चारला जाग येणे आणि मग विचारांची चक्की सुरू होणे, हे पुष्कळदा उदासीच्या आजाराचेच लक्षण असते. त्याबरोबर जेवणावरची वासना जाते, वजन उतरते, शेतात जाऊ वाटत नाही, चारचौघांत बसू वाटत नाही, "आपला काही उपयोग नाही" असे मनात येते. हे दोन आठवड्यांच्या वर रोज असेल तर तो आजार समजावा आणि त्यावर पुरता इलाज करावा.

आता असा माणूस दवाखान्यात जातो आणि सांगतो काय? "झोप येत नाही." एवढेच. सोसायटीचे कर्ज, मुलीचे लग्न, वाळलेला खोडवा, भावकीचा दावा, यांतले काही सांगत नाही. रडू येते हे तर सांगतच नाही. डॉक्टर गर्दीत असतात, ते १० मिलिग्रॅम देतात. रात्री चार तास जास्त झोप लागते. घरची म्हणतात, चला, इलाज सुरू झाला. प्रत्यक्षात झोपेला इलाज मिळाला आहे, आजाराला नाही. अर्धा एकर भिजवून पाच एकर भिजले म्हणण्यापैकी हे आहे. वर पाकिटावर 'डिप्रेशनचे औषध' असे वाचून घरातली शिकलेली माणसेही निर्धास्त होतात. तीच खरी धोक्याची जागा.

म्हणून डॉक्टरांपुढे बसल्यावर झोपेबरोबर मनाचेही सांगा. पुरुषाला सांगवत नसेल तर बायकोने सांगावे, मुलाने सांगावे. जीव नकोसा वाटतो असे कोणी बोलले तर ते थट्टेवारी नेऊ नये. त्याला एकटे सोडू नये, घरातली कीटकनाशके आणि औषधे कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर केव्हाही, पैसे न पडता, मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयातही मानसिक आरोग्याचा विभाग असतो. तिथे जाणारा वेडा नसतो, शहाणा असतो.

पंचविशीच्या आतल्या मुलांना ही औषधे सुरू केली, विशेषतः पुऱ्या मात्रेत, तर पहिले काही आठवडे घरच्यांनी जास्त लक्ष ठेवावे, असा इशारा औषधांबरोबर दिलेला असतो. चिडचिड, बेचैनी वाढली किंवा जिवाविषयी भलतेसलते बोलणे आले तर लगेच कळवावे.

झोपेला उपयोग कितपत होतो?

हे औषध इतके दिले जाते, तर पुरावाही तेवढाच भरभक्कम असेल असे वाटते. तसे नाही. कॉक्रेन ही संस्था जगभरच्या औषध-चाचण्या एकत्र करून तपासते. तिने २०१८ साली या विषयाचा आढावा घेतला. डॉक्सेपिनच्या कमी मात्रेने काही आठवडे झोपेत थोडी सुधारणा होते, ट्रॅझोडोननेही थोडी होत असावी, असे दिसले. सर्वत्र दिल्या जाणाऱ्या अमिट्रिप्टिलिनसाठी मात्र निव्वळ झोपेबाबत धड पुरावा मिळाला नाही. अमेरिकेच्या औषध खात्याने २०१० साली डॉक्सेपिनच्या ३ व ६ मिलिग्रॅम गोळीला, रात्री मधेच जाग येणाऱ्यांसाठी, मान्यता दिली. तिथल्याच निद्रातज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ मध्ये ट्रॅझोडोन निव्वळ निद्रानाशासाठी वापरू नये असे सुचवले.

याचा अर्थ तुमच्या डॉक्टरांनी चुकीचे दिले असा काढू नका. पुरावा नसणे आणि गुण नसणे यांत फरक आहे. कोणाला दुखणे आणि झोप दोन्ही असते, तिथे एका गोळीत दोन्ही कामे होतात. अर्थ एवढाच, की ही गोळी वर्षानुवर्षे, न विचारता, सवयीने घेत राहण्याची नव्हे. ठराविक मुदत ठरवावी आणि मुदत संपली की डॉक्टरांना पुन्हा भेटावे.

शेतकऱ्याने घ्यायची खबरदारी

शहरातल्या माणसापेक्षा आपले काम वेगळे, म्हणून धोकेही वेगळे.

१. रात्रीचे पाणी. जिथे अजून वीज रात्रीची मिळते तिथे माणूस दोन वाजता दारं धरायला जातो. गोळी घेऊन झोपलेल्याने त्या रात्री जाऊ नये. गुंगीत साप दिसत नाही, मोटरच्या पेटीला हात नीट लागत नाही, विहिरीच्या काठावर तोल राहत नाही. पाण्याची पाळी आहे त्या आठवड्यात काय करायचे हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवावे.

२. ट्रॅक्टर आणि मोटारसायकल. पहाटे उसाची ट्रॉली घेऊन निघणाऱ्याच्या अंगात रात्रीची गोळी अजून असते. सकाळी डोके जड वाटत असेल तर गाडी चालवू नये.

३. उन्हाळा. अमिट्रिप्टिलिनने तोंड कोरडे पडते आणि घामही कमी येतो. एप्रिल-मे महिन्यांत बांधणी वा तोडणीचे काम करणाऱ्याला यामुळे उष्माघाताचा धोका वाढतो. दुपारचे ऊन टाळावे, पाणी वरचेवर प्यावे.

४. वयस्कर सभासद. साठी उलटलेल्यांना या गोळीने लघवी अडणे, शौचाला खडा होणे, विसराळूपणा आणि उठल्यावर चक्कर येणे हे त्रास जास्त होतात. ज्यांना प्रोस्टेटचा त्रास आहे, काचबिंदू आहे किंवा हृदयाचे ठोके चुकतात, त्यांनी ते आवर्जून सांगावे. रात्री लघवीला उठताना आधी खाटेवर दोन मिनिटे बसावे, मग उभे राहावे.

५. दारू. गोळीवर दारू किंवा दारूवर गोळी, दोन्ही घातक. "एक घोट आणि अर्धी गोळी" हा प्रकार काही ठिकाणी चालतो असे ऐकतो, तो बंद करावा.

६. दुसरी औषधे. ट्रॅमाडोलसारखी दुखण्याची गोळी, उदासीची दुसरी गोळी, सर्दीची गुंगीची गोळी यांच्याशी हिची गाठ पडली तर त्रास होतो. सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवाव्यात.

७. वजन आणि पाय. मिर्टाझापिनने आणि अमिट्रिप्टिलिनने भूक वाढून वजन वाढू शकते. मधुमेह असणाऱ्याने लक्ष ठेवावे. काहींना रात्री पायांत वळवळ होऊन पाय हलवावेसे वाटतात, ते या औषधांनी वाढू शकते. मोठ्याने घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे असेल तर आधी त्याची तपासणी करावी.

८. मुले. मोठ्या माणसाला जी गोळी बारीक वाटते, तशा थोड्या गोळ्याही लहान मुलाच्या हृदयाला जीवघेण्या ठरू शकतात. देवळीत, उशीखाली, चहाच्या डब्याशेजारी पाकीट ठेवू नये. कुलपात ठेवावे.

९. शेजाऱ्याची गोळी. ही चिठ्ठीवरच मिळणारी औषधे आहेत. शेजाऱ्याला लागू पडलेले बेणे आपल्या रानात लागू पडेलच असे नसते, हे आम्ही नेहमी सांगतो. औषधाला तर ते दुप्पट लागू.

गोळीच्या आधी आणि गोळीबरोबर

झोप नीट नसेल तर पहिला इलाज गोळी नव्हे, असे आता जगभरचे डॉक्टर म्हणतात. अमेरिकेच्या वैद्यांच्या संघटनेने २०१६ साली जुनाट निद्रानाशावर आधी सवयी आणि विचार बदलण्याचा उपचार करावा असे स्पष्ट सांगितले. त्याची मुख्य सूत्रे कोणालाही पाळता येण्यासारखी आहेत.

रात्री कितीही उशिरा झोप लागो, सकाळी उठायची वेळ रोज एकच ठेवावी. झोप आली की मगच अंथरुणावर जावे. वीस मिनिटे तळमळत काढली तर उठून दुसऱ्या जागी बसावे, डोळे जड झाले की परत यावे. अंथरूण ही काळजी करायची जागा होऊ देऊ नये. पाच तासच झोप लागत असेल तर नऊ तास अंथरुणावर लोळू नये, त्याने झोप पातळ होते. थोड्या पाण्यात जास्त रान भिजवायला गेलो की शेवटच्या सरीला ओल पोचत नाही, तसे हे आहे. अंथरुणातला वेळ आधी कमी करून मग झोपेप्रमाणे वाढवतात. मात्र ज्याला ट्रॅक्टर किंवा यंत्र चालवायचे आहे त्याने हा प्रयोग डॉक्टरांच्या सांगण्याने करावा.

दुपारी चारनंतर चहा नको. तंबाखूची मिस्री आणि बिडी झोपेपूर्वी नको, त्यांनी जागच येते. कर्जाचा आणि हिशेबाचा विचार संध्याकाळी दिवे लागणीच्या आधी वहीत लिहून टाकावा. रात्री तीन वाजता त्यातला एकही आकडा बदलत नाही. रात्रीच्या पाण्याच्या आठवड्यात जाण्याआधी तासभर डुलकी काढावी आणि शक्य तिथे घरातल्या दोघांनी आलटून पालटून जावे.

डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न

चिठ्ठी हातात पडली की घाबरू नये, लाजू नये, पाच गोष्टी विचाराव्यात. ही गोळी झोपेसाठी, दुखण्यासाठी की मनाच्या आजारासाठी? किती दिवस घ्यायची? रात्री किती वाजता? माझ्या कामात आणि दुसऱ्या गोळ्यांत अडचण येईल का? बंद करायची झाल्यास कशी करायची? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याच चिठ्ठीच्या मागे मराठीत लिहून घ्यावे, म्हणजे पुढे मोबाइलवर नाव पाहून घरात रामायण होत नाही.

सभासद बंधू-भगिनींनो, माती परीक्षणाशिवाय खत टाकू नका असे आम्ही दरवर्षी सांगतो. कारण पान पिवळे पडण्याची कारणे दहा असतात आणि प्रत्येक पिवळ्या पानाला युरिया हे उत्तर नसते. न येणाऱ्या झोपेचेही तसेच आहे. एकाची झोप चहाने गेलेली असते, दुसऱ्याची पाळीने, तिसऱ्याची गुडघ्याच्या दुखण्याने आणि चौथ्याचे मन आतून बसलेले असते. चौघांना गोळी एकच मिळाली तर तिघांचे कसेबसे निभेल, चौथ्याचे निभणार नाही. तो चौथा कोण, हे ओळखणे घरच्यांच्या हातात आहे. यंदाच्या गटसभांत आम्ही उसाबरोबर हेही विचारणार आहोत, मोकळेपणाने सांगावे.

— ऊस विकास अधिकारी